स्टॅक मॉनिटरिंग : ठाणे-बेलापूर पट्ट्यात आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टॅक मॉनिटरिंग म्हणजे कारखान्याच्या चिमणीतून काय आणि किती बाहेर पडतं ते मोजणं, आणि तेच आमचं काम. कारखान्याच्या गेटवर आमची गाडी थांबली की वॉचमन आत फोन लावतो, "पोल्युशनवाले आलेत." बॉयलर अटेंडंट, ऐरोली-घणसोलीतले रहिवासी, बी.एस्सी. होऊन नोकरी शोधणारी मुलं आणि आमचे स्वतःचे नातेवाईक, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवलेली बरी.

तुम्ही सरकारी माणसं का?

बहुतेक वेळा नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्वतःचे फील्ड ऑफिसर असतात आणि महापे एमआयडीसीत निर्मल भवनमध्ये मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे. पण महिन्याला किंवा तिमाहीला होणाऱ्या नेहमीच्या तपासण्या खाजगी प्रयोगशाळा करतात. मीही अशाच एका लॅबचा फील्ड केमिस्ट. लॅबला आयएसओ १७०२५ या मानकाप्रमाणे एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता लागते, शिवाय पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली केंद्रीय मंत्रालयाचीही घेता येते. कारखान्याला मंडळाकडून जो कन्सेंट, म्हणजे संमतीपत्र, मिळतो त्यात कुठल्या चिमणीतून काय, किती आणि किती वेळा मोजायचं हे लिहिलेलं असतं. ते मोजायला आम्हाला बोलावतात.

हे काम १९८१ च्या हवा कायद्यामुळे वाढलं, पण धुरावर नजर ठेवायची पद्धत त्याहून जुनी. मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ सालीच कायदा झाला होता. तेव्हा धूर किती काळा आहे ते डोळ्यांनी ठरवायचे. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटांचा तक्ता समोर धरायचा आणि चिमणीच्या तोंडाकडे बघायचं. रिंगेलमान तक्ता म्हणतात त्याला, आणि तो आजही ठाऊक असलेला बरा.

चिमणीवर चढून नेमकं करता काय?

थोडक्यात, धुराचा एक मोजलेला घनमीटर बाहेर काढायचा आणि त्यात धूळ किती ते वजन करून सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण अख्खा दिवस जातो.

कामाची सुरुवात लॅबमध्ये होते. थिंबल, म्हणजे ग्लास फायबरची बोटाएवढी टोपी, ओव्हनमध्ये सुकवून, डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड करून मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत तोलायची. जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबईच्या हवेत हे तोलणं म्हणजे डोकेदुखी. डेसिकेटरमधून काढून काट्यावर ठेवेपर्यंत थिंबल बाष्प ओढते आणि शेवटचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. तिथे घाई केली की वर चढून केलेलं सगळं काम फुकट.

मग साइट. पंप, ड्राय गॅस मीटर, प्रोब (चिमणीत घालायची लांब नळी), पिटो ट्यूब, मॅनोमीटर (दाब मोजायला), इंपिंजरची (वायू द्रावणातून सोडायच्या काचेच्या बाटल्यांची) पेटी आणि वायरचा भेंडोळा. हे सगळं दोर आणि कप्पीने वर ओढायचं, कारण शिडी चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. बर्फ वाटेत मासळीवाल्याकडून घ्यायचा, इंपिंजर थंड ठेवायला. त्याला वाटतं आमची रोज पार्टी असते.

वर गेलं की पहिलं भांडण पोर्टहोलशी. सॅम्पलिंगचं हे भोक फ्लँजने बंद केलेलं असतं आणि त्याचे बोल्ट मागच्या वेळेनंतर कुणी हलवलेले नसतात. खाडीची खारट हवा आणि चिमणीचा आम्लधर्मी धूर यांच्यामध्ये लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही. बोल्ट सुटले की पिटो ट्यूब आत घालून वायूचा वेग मोजायचा, तोही एका ठिकाणी नाही. १ मीटर व्यासाच्या चिमणीत एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन व्यासांवर मिळून १२ ठिकाणी. भिंतीजवळ वायू हळू वाहतो आणि मध्ये जोरात, म्हणून चिमणीच्या छेदाचे सारख्या क्षेत्रफळाचे तुकडे पाडून प्रत्येकाचं माप घेतात. पहिला बिंदू भिंतीपासून व्यासाच्या ४.४ टक्क्यांवर, दुसरा १४.६ वर, तिसरा २९.६ वर, पलीकडच्या अर्ध्यात तेच उलट. ही अंतरं प्रोबवर टेपने खुणा करून आधीच चिकटवलेली असतात.

वेग, तापमान, दाब आणि बाष्प कळलं की पंप किती जोरात ओढायला हवा याचा हिशोब होतो. थिंबल लावून, गळती तपासून पंप सुरू करायचा. प्रोबच्या टोकाला ६.३५ मिलिमीटरचं नोझल, वायूचा वेग सेकंदाला १० मीटर आणि तापमान १५० अंश असेल तर बाष्प सोडून मिनिटाला साधारण १३ लिटर वायू मीटरमधून जातो. एक घनमीटर व्हायला सव्वा तास. तेवढा वेळ त्या अरुंद प्लॅटफॉर्मवर उभं राहून दर बिंदूवर प्रोब सरकवत, आकडे लिहीत राहायचं. दहा मिनिटांत "झालं सॅम्पलिंग" म्हणून कुणी खाली उतरला, तर त्याने धुळीचं सॅम्पलिंग केलेलं नाही.

"आयसोकायनेटिक" असलं पाहिजे असं सगळे म्हणतात. म्हणजे काय, आणि नसलं तर काय बिघडतं?

चिमणीत वायू ज्या वेगाने वर चाललाय त्याच वेगाने तो नोझलमध्ये शिरला पाहिजे. एवढाच अर्थ. हे साधलं किती याची टक्केवारी काढतात आणि ती ९० ते ११० च्या मध्ये हवी.

बिघडतं ते असं. शिळफाट्याच्या वळणावर मोटरसायकल चटकन वळते, खडीने भरलेला डंपर सरळच जाऊ बघतो. चिमणीत वायू म्हणजे मोटरसायकल आणि जाड धुळीचा कण म्हणजे डंपर. पंप हळू ओढत असेल तर जादाचा वायू नोझलला वळसा घालून निघून जातो, पण जाड कण सरळ आत घुसतात. थोड्या वायूत जास्त धूळ दिसते आणि आकडा वाढतो. पंप जोरात ओढला तर उलटं होतं. आजूबाजूचा वायू वळून आत येतो, त्याच्यातले जाड कण मात्र बाहेरून सरळ वर जातात आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणजे कुणाला रिपोर्ट चांगला दाखवायचा असेल तर रसायनात काही करायची गरज नाही, पंपाची चावी थोडी जास्त उघडली तरी पुरे. ब्रिकेटच्या (भुसा-काडीकचरा दाबून केलेल्या इंधनाच्या) बॉयलरची जाड राख असेल तर फरक चांगलाच पडतो. बारीक धुरकट कण वायूबरोबर वळतात, त्यामुळे तिथे फरक कमी.

म्हणून मी कुठलाही रिपोर्ट हातात घेतला की आधी ही टक्केवारी शोधतो. ती छापलेलीच नसेल तर पुढचा आकडा वाचायची मला तरी घाई नसते.

पोर्टहोल चिमणीच्या मधोमध, असं अडचणीच्या जागी का असतं? खाली काढलं तर तुमचंच काम सोपं होईल ना?

होईल, पण माप चुकेल. खाली जिथून डक्ट चिमणीला जोडला जातो तिथे वायू भोवऱ्यासारखा फिरतो. त्या अडथळ्यापासून पुढे चिमणीच्या व्यासाच्या ८ पट अंतर आणि वरच्या तोंडापासून खाली २ पट अंतर सोडून भोक असावं, असा नियम आहे. १ मीटर व्यासाची चिमणी असेल तर खालच्या जोडापासून ८ मीटर वर. तितकी सरळ लांबी मिळत नसेल तर मोजायचे बिंदू वाढवावे लागतात.

खरी अडचण चिमणी बांधताना होते. फॅब्रिकेटर ड्रॉइंग बघून भोक बरोबर काढतो आणि प्लॅटफॉर्म मात्र स्वस्तात उरकतो. तीन बाजूंनी कठडा आणि चौथ्या बाजूला हवा, असे प्लॅटफॉर्म मी पाहिलेत. एका ठिकाणी कठडा छान भक्कम होता, पण बरोबर पोर्टहोलच्या समोर, त्यामुळे दीड मीटरचा प्रोब आत घालायला जागाच नव्हती. चिमणीचं काम काढणार असाल तर वेल्डिंगच्या आधी एकदा सॅम्पलिंगवाल्याला विचारा. फोनला पैसे पडत नाहीत.

चिमणीची उंची कोण ठरवतं?

इंधन ठरवतं. ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडेल तो आकडा घ्यायचा, त्याचा ०.३ घात काढायचा आणि १४ ने गुणायचं. उत्तर मीटरमध्ये येतं. समजा एक बॉयलर ताशी २०० किलो फर्नेस ऑइल जाळतो आणि तेलात ४ टक्के गंधक आहे. म्हणजे ताशी ८ किलो गंधक. जळल्यावर वजन दुप्पट होतं, म्हणून १६ किलो सल्फर डायऑक्साइड. चिमणी साधारण ३२ मीटरची लागेल. हाच बॉयलर पाइप्ड गॅसवर नेला तर गंधकाचा प्रश्नच जवळजवळ संपतो. धुळीसाठी वेगळं सूत्र आहे, दोन्हींत जास्त येईल ती उंची धरतात.

उंच चिमणी प्रदूषण कमी करत नाही, ते लांबवर पसरवते. हे कारखानदारांना माहीत असतं, रहिवाशांना सांगावं लागतं.

धूळ थिंबलमध्ये अडकते. मग वायूंचं काय?

ते पुढे जाऊन बर्फात ठेवलेल्या इंपिंजरमध्ये बुडबुडे काढतात. सल्फर डायऑक्साइड हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात विरघळून सल्फेट होतो आणि लॅबमध्ये थोरिन निर्देशक टाकून त्याचं टायट्रेशन करतात. रंग गुलाबीकडे वळला की थांबायचं. तो क्षण ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो, नव्या मुलांचे पहिले काही आठवडे त्यातच जातात. नायट्रोजन ऑक्साइडसाठी हवा काढून घेतलेला २ लिटरचा फ्लास्क चिमणीला जोडून एका झटक्यात भरून घेतात आणि निदान १६ तास तसाच ठेवतात. त्यामुळे "संध्याकाळी रिपोर्ट मेल करा" असं पर्चेसवाले सांगतात तेव्हा आम्ही नुसतं हो म्हणतो. औषधांच्या आणि रंगांच्या कंपन्यांत प्रोसेसच्या चिमण्या असतात, तिथे हायड्रोजन क्लोराइड, अमोनिया, आम्लाचं धुकं असं वेगवेगळं मोजावं लागतं.

हल्ली सेन्सरचे हातातले ॲनालायझरही आहेत, वायूंचे आकडे जागच्या जागी दाखवतात. सोयीचे आहेत, कॅलिब्रेशन वेळेवर केलेलं असेल तर. धुळीला मात्र थिंबलशिवाय पर्याय नाही.

मर्यादा १५० आहे ना? मग सगळ्यांना तीच का नाही?

सर्वसाधारण मर्यादा धुळीसाठी १५० मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर आहे. पण लहान बॉयलरांना केंद्राच्या नियमांत बरीच सूट होती. ताशी २ टनांपेक्षा कमी वाफेच्या बॉयलरला १२००, २ ते १० टनांना ८००, १० ते १५ ला ६०० आणि त्यापुढे १५०. मंडळ कन्सेंटमध्ये याहून कडक अट घालू शकतं, सैल करू शकत नाही. म्हणून शेजारच्या प्लॉटची मर्यादा आपल्याला लावू नका. स्वतःच्या कन्सेंटचा कागद काढून बघा.

"नॉर्मल" घनमीटर म्हणजे २५ अंश तापमान आणि ७६० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला आणलेला कोरडा वायू. गरम वायू फुगलेला असतो, तो तसाच मोजला तर धूळ विरळ दिसेल.

यापुढची पायरी लोक विसरतात, काही जण मुद्दाम. चिमणीत जास्तीची हवा सोडली तर धूळ तितकीच राहून आकडा कमी होतो. त्यावर उपाय म्हणून बॉयलरचा आकडा १२ टक्के कार्बन डायऑक्साइडवर आणून सांगायचा असतो. मोजमापात ६० आले आणि कार्बन डायऑक्साइड फक्त ४ टक्के असेल तर खरा आकडा ६० गुणिले १२ भागिले ४, म्हणजे १८०. पास झालेला रिपोर्ट नापास झाला. हा गुणाकार केलाय का हे रिपोर्टच्या तळटीपेत दिसलं पाहिजे.

पांढरा धूर जास्त घातक की काळा?

चिमणीच्या तोंडापाशी थोडी मोकळी जागा सोडून सुरू होणारा आणि काही मीटरांवर विरून जाणारा पांढरा लोट बहुतेक वेळा वाफ असते, खास करून स्क्रबरच्या (वायू पाण्याने धुणाऱ्या यंत्राच्या) चिमणीवर. हिवाळ्यात सकाळी तो लांबलचक दिसतो आणि व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात. वाफ विरल्यावरही मागे निळसर किंवा पिवळट रेघ उरली तर मात्र तक्रार करण्यासारखं आहे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही.

रात्री कोपरखैरणेत इतका वास येतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. तरी तुमचे रिपोर्ट "मर्यादेत" कसे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि रागाने येतो. राग रास्त आहे.

पहिली गोष्ट, आम्ही कन्सेंटमध्ये लिहिलेलंच मोजतो, लिहिलेल्याच चिमणीवर आणि ठरलेल्याच दिवशी. वासाचा उगम पुष्कळदा चिमणीत नसतोच. तो रिॲक्टरचं झाकण उघडताना, ड्रम भरताना, सॉल्व्हंटच्या टाकीच्या व्हेंटमधून, सांडपाण्याच्या टाकीवरून किंवा नाल्यातून येतो. हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू हवेत अब्जांशात काही भाग इतके असले तरी नाकाला कळतात. त्यांना थिंबल काय करणार?

दुसरी गोष्ट इथल्या जमिनीची. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला नोड, म्हणजे राहत्या वसाहती. हिवाळ्याच्या रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंड होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. दिवसा उंच निघून जाणारा वायू रात्री तिथेच घुटमळतो. तेच उत्सर्जन दुपारी कुणाला जाणवत नाही आणि पहाटे तीनला झोप मोडतं.

तिसरी गोष्ट अशी की आमचं सॅम्पलिंग दिवसा होतं. रात्रपाळीत काय चालतं ते दिवसाच्या रिपोर्टमध्ये येत नाही. मला विचाराल तर कन्सेंटमध्ये वर्षातून एखादी तरी तपासणी रात्रीची असावी, पण ते ठरवणं आमच्या हातात नाही. तक्रार करताना नुसतं "वास येतो" लिहू नका. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि वास कसा आहे (सडक्या अंड्यांसारखा, नेलपॉलिशसारखा, गोडसर) हे लिहा. त्यावरून मंडळाच्या माणसाला कोणत्या प्लॉटकडे वळायचं ते कळतं. केंद्रीय मंडळाच्या २००९ च्या यादीत डोंबिवली आणि नवी मुंबई दोन्ही "अतिप्रदूषित" गटात होत्या. म्हणजे इथल्या लोकांच्या तक्रारी काही कल्पनेतल्या नाहीत.

पैसे कंपनी देते. मग तुम्ही कंपनीविरुद्ध रिपोर्ट कसा देणार?

बरोबर बोट ठेवलंत. ज्याची तपासणी करायची त्यानेच तपासनीस निवडायचा आणि त्यानेच बिल भागवायचं, ही या धंद्यातली मूळ खोट आहे. नापास रिपोर्ट दिला तर पुढच्या वर्षीचं कोटेशन दुसऱ्या लॅबला जातं. उघड कुणी काही बोलत नाही. बॉयलरजवळ एखादा सुपरवायझर येऊन म्हणतो, "साहेब, लोड कमी केलाय, आता घ्या." किंवा त्या दिवसापुरतं ब्रिकेट बंद आणि डिझेल चालू असतं. धूळ अडवणाऱ्या बॅग फिल्टरच्या पिशव्या आदल्या आठवड्यात बदललेल्या असतात. हे सगळं रिपोर्टमध्ये न लिहिता आकडा खरा देता येतो, आणि तरीही तो खोटाच असतो.

याचा सगळ्यात चांगला अभ्यास शेजारच्या गुजरातमध्ये झाला. एस्थर डुफ्लो, ज्यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्रदूषण मंडळाबरोबर प्रयोग केला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीत ऑडिटरांचे आकडे मर्यादेच्या जरा खाली गर्दी करून बसलेले दिसले, खऱ्या मोजमापात मात्र तेच कारखाने बरेचदा मर्यादेच्या वर होते. मग काही कारखान्यांना ऑडिटर सोडत काढून नेमले, फी सगळ्यांना सारखी आणि एका सामायिक निधीतून दिली, आणि काही आकडे दुसऱ्याकडून परत तपासून घेतले. ऑडिटर खरं लिहू लागले. आणि त्यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारखान्यांनी खरोखर प्रदूषण कमी केलं. माणसं बदलली नव्हती, पैसे येण्याचा रस्ता बदलला होता.

आपल्याकडे मंडळाने ५ जून २०१७ पासून स्टार रेटिंग सुरू केलं. चिमणीच्या धुळीच्या आकड्यांवरून कारखान्याला एक ते पाच तारे द्यायचे आणि ते लोकांना बघता यावेत, अशी ती योजना. पाऊल चांगलं आहे. पण ताऱ्यांच्या खाली शेवटी कुणीतरी शिडी चढून आणलेला आकडाच असतो.

मग मंडळ स्वतः सॅम्पल घेतं का?

घेतं. त्याला जेव्हीएस म्हणतात, मंडळाचा अधिकारी आणि कंपनीचा माणूस दोघांच्या समोर घेतलेलं सॅम्पल. कोर्टात टिकणारं सॅम्पल हवं असेल तर हवा कायद्याच्या कलम २६ ची पद्धत पाळावी लागते. आधी नोटीस, मालकाच्या किंवा त्याच्या माणसाच्या देखत नमुना, डब्याला सील आणि दोघांच्या सह्या. यातलं काही राहिलं तर तो रिपोर्ट पुरावा म्हणून चालत नाही.

ऑनलाइन मीटर बसवलेत ना आता? माणूस कशाला चढवायचा?

केंद्रीय मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना चोवीस तास चालणारी यंत्रं बसवायला सांगितलं. त्यांचा मोठा फायदा म्हणजे रात्र दिसते. पण धुळीचा ऑनलाइन मीटर वजन करत नाही. तो उजेडाचा झोत टाकतो आणि किती उजेड विखुरला त्यावरून अंदाज बांधतो. तो अंदाज मिलिग्रॅममध्ये आणायला कुणीतरी थिंबल लावून शेजारी मोजावंच लागतं. इंधन बदललं, राखेचा पोत बदलला की कॅलिब्रेशनही बदलतं. काच मळली तर आकडा भलतीकडे जातो. स्क्रीनवर दिवसभर एक सरळ रेघ दिसली तर चिमणी सुधारली असं समजू नका. मीटर अडकलाय.

भीती वाटत नाही का?

उंचीची सवय होते. शिडीची होऊ नये. गंजलेली पायरी वरून सुरेख रंगवलेली असते, म्हणून मी पहिल्या दहा पायऱ्या लाथ मारून बघत चढतो. पूर्ण अंगाचा हार्नेस आणि हुक लावलेले दोन लॅनयार्ड (दोर), म्हणजे एक हुक काढताना दुसरा अडकलेला. वर्क परमिटवर सही झाल्याशिवाय चढायचं नाही. परमिट देणाऱ्यालाही खाली थांबायला सांगायचं, कारण वरून पाना पडला तर त्याला कळलं पाहिजे.

उंचीपेक्षा मला वायूची भीती जास्त. चिमणीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असेल तर पोर्टहोल उघडताच दीडशे-दोनशे अंशांचा झोत तोंडावर येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असेल तर वास येत नाही, डोकं जड होतं आणि माणूस शिडीवर असतो. म्हणून भोकासमोर कधी उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, वारा पाठीवर घ्यायचा. आणि एकट्याने कधीच चढायचं नाही, दुसरा माणूस सुट्टीवर असेल तर काम रद्द.

पावसाळ्यात काम बंद असतं का?

बंद नसतं, रखडतं. पाऊस पडत असताना किंवा विजा असताना वर कुणाला पाठवू नये. आम्ही उघडीप बघून जातो. जूनच्या आधी तिमाहीची कामं उरकायची सगळ्यांची धावपळ याच कारणाने.

या नोकरीला काय शिकावं लागतं? पगार किती?

बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. रसायनशास्त्र, किंवा पर्यावरण अभियांत्रिकीचा डिप्लोमा. मदतनीस म्हणून बारावी किंवा आयटीआय झालेली मुलंही येतात आणि दोन-तीन वर्षांत केमिस्टपेक्षा चांगलं सॅम्पलिंग करतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, भत्ता धरून कसाबसा चालतो. आकडेमोड मनापासून आवडत असेल आणि तळोज्याचं ट्रॅफिक सोसत असेल तर याच्यात या. मुली लॅबमध्ये खूप आहेत, फील्डवर कमी. चढण्यात त्या कुठे कमी पडत नाहीत. साइटवर बायकांसाठी धड टॉयलेट नसतं हे त्याचं मोठं कारण, पण बोलून कुणी दाखवत नाही.

आमच्या हातात रिपोर्ट आला. खरा का टेबलावर बनवलेला, कसं ओळखायचं?

आयसोकायनेटिक टक्केवारी आणि कार्बन डायऑक्साइडची दुरुस्ती यांबद्दल वर आलंच. त्यानंतर सॅम्पलिंगची वेळ बघा. एकाच किटने सकाळी दहा ते सव्वाअकरा दोन वेगळ्या चिमण्या घेता येत नाहीत. बॉयलरचा लोड आणि त्या दिवशीचं इंधन लिहिलंय का ते बघा. मग स्वतः एक हिशोब करा. व्यास ०.६ मीटर असेल तर क्षेत्रफळ ०.२८३ चौरस मीटर. वेग सेकंदाला ८ मीटर म्हटलाय, म्हणजे तासाला सुमारे ८,१०० घनमीटर. तापमान १४० अंश असेल तर २५ अंशांवर आणताना २९८ ने गुणून ४१३ ने भागायचं. साधारण ५,९०० आले पाहिजेत, बाष्प वजा केलं तर त्याहून कमी. रिपोर्टमध्ये ८,००० लिहिले असतील तर कुणीतरी तापमानाची पायरी गाळलीय.

आणि मागचे चार रिपोर्ट शेजारी ठेवा. खऱ्या चिमणीचे आकडे वरखाली होतात. ६२, ६४, ६३, ६२ असे छान रांगेत उभे असतील तर लॅबला फोन करून फील्ड शीट मागा. ती हाताने लिहिलेली असते, बहुधा काजळी लागलेली, आणि खरं सॅम्पलिंग केलेली लॅब ती द्यायला कुरकुर करत नाही.

महापे-ऐरोलीत आता काचेच्या आयटी इमारती आहेत. तिथे तुमचं काय काम?

गच्चीवर जनरेटरच्या चिमण्या आहेत. नियम असा की इमारतीच्या उंचीच्या वर, जनसेटच्या केव्हीएचं (क्षमतेच्या आकड्याचं) वर्गमूळ गुणिले ०.२ इतके मीटर पाइप हवा. ४०० केव्हीएला ४ मीटर, २२५ ला ३ मीटर. हाच नियम तुमच्या सोसायटीच्या जनसेटलाही आहे. लहान जनसेटच्या मॉडेलची उत्सर्जनाची परीक्षा बाजारात येण्यापूर्वी झालेली असते, त्यामुळे तिथे दर वेळी आम्हाला बोलावावं लागत नाही. पाइपची उंची मात्र कमिटीवाल्यांना टेप घेऊन मोजता येते. तळमजल्यावर, पहिल्या माळ्याच्या बेडरूमच्या खिडकीखाली संपणारा पाइप दिसला तर कमिटीला तेवढंच सांगा.